पानिपतापर्यंत वारा पडेल

हवामान खात्यात नोकरी केलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पाऊस कधी येणार, आणि तुमचे अंदाज चुकतात कसे? दुसरा प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते पहिल्याचे उत्तर ऐकताना कधी दिसत नाही. पावसाळ्यात आमची चेष्टा करायची आणि पाऊस गेला की आम्ही आहोत हेच विसरायचे, अशी मुंबईची रीत आहे. माझी खरी धास्ती मात्र या विसरलेल्या महिन्यांतली. फाल्गुन लागला, आभाळ धुतल्यासारखे निळे झाले आणि लोक "काय छान हवा आहे" म्हणू लागले, की मी त्या आभाळाकडे संशयाने पाहू लागायचो.

का, ते सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईत दोन वारे असतात. सकाळी जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून येणारा, आणि दुपारी समुद्रावरून येणारा. गिरणीतल्या पाळ्यांसारखा एक सुटला की दुसरा कामावर हजर होतो. पण फाल्गुनात काही दिवस पूर्वेकडचा वारा पाळी संपली तरी खाते सोडत नाही. घाटापलीकडची सुकी, तापलेली हवा तो शहरावर ओतत राहतो. दरवाजे आक्रसतात, ओठ फुटतात, दोरीवरची चादर पिळून टाकल्याटाकल्या वाळते. समुद्राचा वारा बाहेर तिष्ठत असतो. संध्याकाळकडे त्याला एकदाची वाट मिळाली की तो सरळ चालत येत नाही, धक्के मारत घुसतो. दिवसभर वाळलेल्या लाकडातून, गवतातून, कापसातून तो फिरतो, आणि तेवढ्यात कुणी पेटती विडी भिरकावली, तर पुढचे काम बंबवाल्यांचे.

हे आधी कळावे म्हणून आम्ही सकाळी फुगा सोडत असू. हलका वायू भरलेला रबरी फुगा वर जातो, वारा नेईल तिकडे सरकतो, आणि आपण दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा. तो कुठे वळला यावरून वरच्या वाऱ्याची चाल कळते. माझे लग्न ठरत असताना मुलीच्या मामांनी विचारले होते, "मुलगा काय करतो?" आमचे काका सरळ मनाचे. म्हणाले, "सरकारी नोकरी आहे. फुगे सोडतो." त्यानंतर बोलणी बरेच दिवस थंडावली होती.

दुसरे साधन त्याहून साधे. दोन तापमापक शेजारी शेजारी टांगायचे, एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळायची. हवा कोरडी असेल तितकी ती मलमल भरभर वाळते आणि तो तापमापक खाली उतरतो. दोघांमधले अंतर वाढले की हवा तहानलेली आहे असे समजावे. गिरणगावात हे कुणाला शिकवावे लागत नसे. हवा कोरडी झाली की मागावर सूत तुटते आणि मुकादमाचा आवाज चढतो, एवढे तिथे पोरासोरांनाही ठाऊक.

आमच्या कार्यालयात टेलिफोन होता आणि फाल्गुन-चैत्रात त्यावर ठरावीक गिऱ्हाइके यायची. गिरगावातल्या एक बाई गच्चीवर पापड घालण्यापूर्वी विचारत, "उडतील का हो?" मी एकदा "उडणार नाहीत" असे सांगितले आणि ते उडाले. त्या दिवसापासून त्या मी "उडतील" म्हटले की निर्धास्तपणे पापड घालत. एका नाटकमंडळीच्या व्यवस्थापकांना मोकळ्या मैदानावरच्या मांडवाची काळजी असे, त्यांना वाऱ्याची दिशा सांगितली की ते विचारत, "आणि प्रेक्षक?"

याच टेलिफोनवर शांताराम जाधव भेटले. त्यांचा प्रश्न कायम एकच.

"हॅलो. वारा आहे का?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "वारा नेहमीच असतो. तुम्हाला कसा हवाय?"

"आम्हाला नकोच आहे, साहेब. म्हणून तर विचारतोय."

जाधव कॉटन ग्रीनला कापसाच्या एका गोदामावर जमादार होते. आत जागा पुरत नसे, म्हणून उघड्या आवारातही गासड्यांच्या थप्प्या रचलेल्या असायच्या, वर ताडपत्री. त्या गासड्यांवर नजर ठेवणे ही त्यांची नोकरी, आणि आवाराच्या कोपऱ्यातली खोली हे त्यांचे घर. घरात बायको आणि म्हातारी आई. आईचे पाय गेलेले. तिला कुठे न्यायचे तर उचलून न्यावे लागे. कापसाची आग कशी असते, हे मला पुस्तकातून जेवढे कळले नव्हते तेवढे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. "लाकडाची आग दिसते. कापसाची आग गासडीच्या पोटात जाऊन झोपते, आपण विझली म्हणून घरी जातो, आणि ती उठते." आम्ही दोघे एकमेकांना न बघता ओळखू लागलो. पुढे कळले की आमची काळाचौकीची चाळ आणि त्यांचे गोदाम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मग ते कधी रविवारी चहाला येऊ लागले.

आता त्या शिमग्याकडे येतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळे शहर पेटून उठले होते ती वर्षे. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य डोक्यावर बसवले होते आणि गिरणगावात त्याच्याविषयी चांगला शब्द काढणारा माणूस औषधालाही नव्हता. मी सरकारी नोकर. सरकारी नोकराला मत नसते, फक्त निरीक्षणे असतात. सभेला जायचे नाही, घोषणा द्यायची नाही. होळीला जायला मात्र हरकत नव्हती.

आमच्या चाळीच्या होळीचे सर्वाधिकारी तात्या परब. गिरणीच्या साळखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, मूळ मालवणकडचे, आवाज असा की चालू मागांवरून पलीकडे ऐकू जावा. दर वर्षी होळी चाळीच्या आवारात लागे. त्या वर्षी तात्यांनी ठरवले की एवढ्याशा होळीने दिल्ली हलणार नाही. आजूबाजूच्या चाळी एकत्र करून होळी मोठ्या मैदानात रचली. मधोमध सुपारीचा उंच सोट उभा केला. आमच्या कोकणात असा सोट जळून कोणत्या बाजूला पडतो यावरून वर्षाचा कौल घेतात. तात्यांना कौल घ्यायचा नव्हताच, द्यायचा होता. सोट उत्तरेला, म्हणजे दिल्लीच्या अंगावर पडला पाहिजे. सोटाच्या टोकाला चाळीतल्या पेंटरने दोन लोंबत्या जिभांचा एक राक्षस करून बांधला होता. तो म्हणजे द्वैभाषिक.

त्या सकाळी मी फुगा सोडला आणि तो घाईघाईने समुद्राकडे पळाला. ओल्या मलमलीचा तापमापक पार खाली. दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी समुद्रवाऱ्याचा पत्ता नाही. म्हणजे तो येणार संध्याकाळी, ऐन होळीच्या वेळी, आणि येणार तो धक्के मारत. मी आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब विद्वान, शांत आणि नेमाचे. मी म्हणालो, "पत्रकात आगीचा धोका आहे असं घालू या का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जोराचे वारे असं घाला. आग हा हवामानाचा प्रकार नाही."

शास्त्राप्रमाणे ते बरोबर होते. मी जोराचे वारे असे घातले आणि काम संपवून तडक घरचा रस्ता धरला.

मैदानात पोचलो तर होळी तयार, शेजारी सभेचे स्टेजही उभे. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की मैदानाच्या पूर्वेची उंच भिंत ही जाधवांच्या गोदामाची आहे. टेलिफोनवरच्या माणसाचे आवार आपल्या होळीला लागून असेल, असे डोक्यातच आले नव्हते. पश्चिमेचा वारा नुकताच सुरू झाला होता आणि स्टेजवरचा झेंडा भिंतीकडे फडफडत होता.

"इलो आमचो वारामास्तर!" तात्यांनी दुरूनच हाक मारली. "सांग बघू, सोट खंय पडतलो?"

"तात्या, खाली काय भरलंय?"

तात्यांच्या तोंडावर अभिमान फुलला. "सूत! यंत्र पुसूचा तेलकट सूत. अख्ख्या गिरणीतसून जमवलंय. आणि उत्तरेच्या अंगाक जास्त भरलंय. थयसून आधी जळात, आणि सोट सरळ दिल्लीर!"

अशी युक्ती गिरणगावाबाहेर कुणाला सुचली नसती. तेलात मुरलेले सूत पेटले की त्याचे जळते पुंजके होतात, आणि ते ठिणगीसारखे हवेत विझत नाहीत. वाऱ्यावर बसून हवे तिकडे जातात.

"तात्या, वारा पश्चिमेचा आहे. दिल्ली राहू दे, सोट भिंतीवर जाईल. पलीकडे कापूस आहे."

"मेल्या, शुभ बोल नाऱ्या!"

"थोडं थांबू या. दिवेलागणीनंतर जमीन निवायला लागली की हा वारा पडतो. मग पेटवा."

"थांबूचा? लालबागसून मिरवणूक येता हा. माणसां इली काय पेटवूची. वाऱ्याक भियान होळी रवली, असा उद्या दिल्लीक कळला तर?"

दिल्लीला हे कोण कळवणार होते, हे मी विचारले नाही. मी भिंतीला वळसा घालून गोदामात गेलो. जाधव आणि त्यांचे दोन हमाल ताडपत्र्यांवर बादल्यांनी पाणी मारत होते. वारा ते पाणी जवळजवळ त्यांच्या हातातूनच पीत होता.

"या साहेब," ते म्हणाले. "वारा आहे का, हे आज विचारायला नको."

"आईंना हलवलंत का?"

"बायकोला बहिणीकडे वडाळ्याला धाडलं. आई हलत नाही. म्हणते, माझ्या खोलीतून मला चौघांनीच न्यायचं." त्यांनी बादली खाली ठेवली. "आम्ही बुद्ध झालो, होळी सोडली. आधी मीपण बोंब मारायचो तुमच्यात उभा राहून. पण ठिणगीला काय सांगणार, साहेब, की हे घर आता त्यातलं नाही म्हणून? तुमचा शिमगा, आणि राख आमची."

"बंबवाल्यांना कळवलंत?"

"कळवलं. ते म्हणाले, आग लागली की सांगा."

खोलीच्या दारातून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "कोन आलाय रं? वाऱ्यावाला का? त्याला इचार, वारा आटपंल का नाय आज?"

"आटपेल, आई," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ अंदाज दिले, पण समोर खाटेवर बसलेल्या माणसाला तोंडावर दिलेला हा पहिलाच.

परत मैदानात आलो. मिरवणूक आली होती. ढोल, लेझीम, पेटत्या मशाली. स्टेजवर त्या दिवसाचे वक्ते येऊन बसले होते, गिरगावातले इतिहासाचे एक प्राध्यापक. चळवळीत त्यांना फार मान, आणि त्यांच्या भाषणाची लोकांना तितकीच दहशत. कारण मुंबई महाराष्ट्राची का, हे ते शिलाहारांपासून सांगायला घेत. कार्यक्रम असा होता की आधी होळी, मग तिच्या उजेडात भाषण. आयोजकांना वक्त्यांची चांगली कल्पना असावी. होळीच्या गलक्यात भाषण आपोआप आखडते.

मला एकदम सुचले. तात्या मशाल घेऊन निघालेच होते. मी त्यांना स्टेजपाशी गाठले आणि प्राध्यापकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "तात्या, आधी होळी पेटली तर सरांचं भाषण कोण ऐकणार? नुसती बोंबाबोंब होईल. एवढे विद्वान आलेत, आधी त्यांना बोलू द्या."

"आधी भाषण? अरे, माणसां पळतली!"

"होळी पेटल्याशिवाय कोण पळेल?"

प्राध्यापक पुढे झुकले. "यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणे तात्यांना जमण्यासारखे नव्हते. माझ्याकडे त्यांनी असे पाहिले की मशाल माझ्यावरच चालवतात की काय असे वाटले.

मी प्राध्यापकांना नमस्कार केला. "सर, मागच्या सभेत म्हणे वेळेअभावी तुम्ही एकदम शिवकाळापासून सुरुवात केलीत. लोकांना चुटपुट लागली."

"अस्सं?" ते म्हणाले, आणि उठले.

शिलाहारांपासून सुरुवात झाली. मी होळीपाशी उभा राहून झेंड्याकडे पाहत होतो. शिलाहार गेले, यादव आले, झेंडा भिंतीकडे तसाच ताठ. देवगिरी पडली तेव्हा लोक जमिनीवर बसू लागले होते. एक जण ओरडला, "सर, जरा गाडी पकडा, पुण्याला पोचा!" हशा पिकला. प्राध्यापकांना वाटले, लोकांना पुढचे ऐकायची ओढ आहे. शिवराज्याभिषेकाला टाळ्या पडल्या, झेंड्यानेही एक जोराचा फटकारा मारला. माझ्या हिशेबाने वारा आतापर्यंत उतरायला हवा होता. हवामानाचा हिशेब हा असाच असतो. आपण नियम सांगतो, आणि तो पाळायचा की नाही हे वारा ठरवतो.

तात्या शेजारी येऊन कुजबुजले, "मास्तर, तुझ्या वाऱ्याची पाळी कधी सुटतली?"

"सुटेल."

"तोपर्यंत आमी म्हातारे जातलंव."

पेशवे आले. झेंडा आता मधूनच खाली यायचा, पुन्हा उठायचा. धक्क्यांमधली फट वाढत होती. थोडा वेळ, अजून थोडाच. आणि नेमके तेव्हाच प्राध्यापक घड्याळाकडे पाहून म्हणाले, "बंधूंनो, वेळ बराच झाला आहे. तेव्हा मी आता थेट आजच्या लढ्याकडे येतो." लोक धडाधड उठून उभे राहिले. तात्यांनी मशाल सरळ केली.

मी सरकारी नोकर होतो, हे वर सांगितले आहे. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि राजकीय सभेत आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची घोषणा दिली.

"सर, पानिपत!"

मैदानातून असा काही हताश सुस्कारा निघाला की त्यानेच झेंडा हलला असावा. पण मराठी माणसाला, त्यातून इतिहासाच्या प्राध्यापकाला, पानिपत कुणी मागितले तर तो नाही म्हणू शकत नाही. त्यांनी घड्याळावरची नजर उचलली. "पानिपत! कुणीतरी आठवण काढलीत, बरं वाटलं." सैन्य उत्तरेकडे निघाले. लोक पुन्हा बसले. माझ्या शेजारचा एक गिरणीकामगार मला म्हणाला, "भावा, घरी जायच्या आधी मला भेट तू."

सैन्य यमुनेपाशी अडले आणि झेंडा पडला. मी वाट पाहिली. पुन्हा उठला नाही. तात्यांच्या ओठातल्या विडीचा धूर सरळ वर चालला होता, देवळातल्या उदबत्तीसारखा. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "पेटवा."

तात्यांनी प्राध्यापकांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पलीकडे लढाई ऐन रंगात आली होती. इकडे सूत पेटले, भडका उडाला आणि मैदानभर बोंब उठली. प्राध्यापक हात उंचावून काहीतरी सांगत राहिले, ते कुणाला ऐकू आले नाही.

ज्वाळा उभी होती. जळत्या सुताचे पुंजके वर गेले, खूप वर गेले, आणि माझी मान त्यांच्याबरोबर वर गेली. तिथे ते क्षणभर कुठे जायचे ते न कळल्यासारखे थांबले, काळे पडले आणि जिथून निघाले होते तिथेच खाली आले. एकही भिंतीकडे गेला नाही. भिंतीवर जाधवांचे डोके दिसत होते, बाजूला बादली. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मी जमिनीवर बसकण मारली.

राहिला सोट. तो दिल्लीवर पडला नाही आणि कॉटन ग्रीनवरही पडला नाही. वारा नव्हता, उत्तरेचे जास्तीचे सूत पहिल्या भडक्यातच संपले आणि बुंधा चारी बाजूंनी सारखाच जळाला, त्यामुळे तो दोन जिभांच्या राक्षसासकट आपल्याच जागी खचत खचत निखाऱ्यांत बसला. असा कौल कुणी पाहिलेला नव्हता. तात्यांचा चेहरा पडला. एवढे सूत, एवढी मेहनत.

मग त्यांनी छाती भरून घेतली. "बगलात मा? जाग्यारसून हलाक नाय! मुंबय आसा थयच रवतली!"

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," कुणीतरी ओरडले, आणि "झालाच पाहिजे" हे उत्तर पार लालबागपर्यंत गेले असेल. त्या कौलाचे श्रेय पुढे बरीच वर्षे तात्या घेत होते. राज्य खरोखर झाले तेव्हा तर त्यांनी पेढेच वाटले. प्राध्यापकांनीही एका लेखात म्हटले की त्या संध्याकाळी जनतेने त्यांच्याकडे उत्स्फूर्तपणे पानिपताची मागणी केली होती. मी दोघांनाही कधी काही बोललो नाही. न घडलेल्या गोष्टीचे श्रेय मागायचे कुणाकडे? आमच्या धंद्यातली एवढीच खंत. चुकलेला अंदाज सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि न लागलेल्या आगीची बातमी कुठल्याच पेपरात येत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवडीची सुट्टी, पण आमच्याकडे फुग्याला सुट्टी नसते. मी कामावर होतो. सकाळीच टेलिफोन वाजला.

"हॅलो. वारा आहे का?"

"पूर्वेचा, हलका. दुपारी वेळेवर बदलेल. आज चांगला दिवस आहे, जमादार."

"बरं." मग म्हणाले, "काल पानिपत कोण ओरडलं?"

"सांगता येत नाही. सरकारी नोकर आहे."

पलीकडे ते हसले. ते हसतात हे मला तेव्हाच कळले. "आई खाटेवरूनच भिंतीला कान लावून सगळं भाषण ऐकत होती. तुमच्या लोकांनी ऐन लढाईत होळी पेटवली. रात्रीपासून माझ्या मागे लागलीय, त्या वाऱ्यावाल्याला विचार, शेवटी काय झालं."

"हरलो, म्हणावं."

त्यांनी टेलिफोन बाजूला धरून कुणाला तरी ते मोठ्याने सांगितल्याचा आवाज आला. ते गोदामाच्या कचेरीतून बोलत होते. म्हातारी खोलीच्या दारात उन्हाला बसली असावी. तिचे उत्तर मला इथपर्यंत ऐकू आले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, असू दे. पुढच्या साली त्या भाषणवाल्या मास्तरला पुन्हा बोलवा. त्याचं अजून पुष्कळ राहिलंय."